शिट्टीवाला पाळणा

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नात झाली. सकाळी मयूरचा फोन आला, "बाबा, मुलगी झाली, दोघी मजेत आहेत." लिफ्टमध्ये जे जे भेटले त्या सगळ्यांना सांगून टाकलं. त्यात एक कुरिअरवाला होता. त्यानेही हात मिळवला आणि पेढे खायला कधी येऊ म्हणून विचारलं.

सूनबाई, म्हणजे नूपुर, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आहे, गिरगावात फणसवाडीला. बारसंही तिथेच, तीस तारखेच्या रविवारी. आणि मी आजच ठरवून टाकलं की बारशाचा पाळणा माझा. शब्द माझे, चाल माझी, रेकॉर्डिंगही घरातच. मयूरने दिवाळीला माइक आणून दिलाय, फोनमध्ये ते ॲपही टाकून दिलंय. सामान सगळं होतं, निमित्त तेवढं नव्हतं.

इथे खरं ते लिहितो, ही डायरी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. बेस्टमध्ये कंडक्टर होतो तेव्हापासून गाणी करतोय. डेपोतल्या पूजेला पेटी घेऊन बसायचो. लोक टाळ्या वाजवायचे, प्रसाद घ्यायचे, जायचे. पण माझं एकही गाणं आजवर दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. स्वतःचं गाणं स्वतःच म्हणत बसणं म्हणजे स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारणं, हात पोचतच नाही. या वेळी दुसऱ्या कोणीतरी म्हटलं पाहिजे. बाकी मला काही नको.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शब्द झाले. चहा गार झाला, दोनदा झाला, पण शब्द झाले.

नीज गं बाय माझे, नीज गं बाय,
दारी आला वारा, त्याला सांगू काय?
पुढे सरका ढगांनो, चंद्राला जागा द्या,
(नाव) निजते आमची, तिला निजू द्या.

तिसरी ओळ माझ्या नोकरीतून आली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. आयुष्यभर माणसांना पुढे सरका म्हटलं, आता ढगांना म्हणतो.

अडचण फक्त नावाची. नाव बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, त्याआधी ते फुटता कामा नये. आत्या म्हणजे आमची रुपाली, दादरला असते. तिला फोन केला, "अगं, निदान किती अक्षरांचं ते तरी सांग, मला चालीत बसवायचंय." तर म्हणते, "बाबा, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या साखरपुड्याची साडी तुम्ही सासूबाईंना आधीच सांगून ठेवली होती." जुनी गोष्ट कशाला काढायची. मयूरला विचारलं, तो हसला. कौसल्याला, म्हणजे आमच्या हिला विचारलं, तर ती म्हणाली, "माका काय म्हायत?" आणि भाजी निवडायला लागली. हिला नक्की माहीत आहे. भाजी निवडून झालेली होती.

शेवटी तीन अक्षरांची जागा मोकळी सोडली. बारशाला पाळणा स्पीकरवर लावायचा, ती जागा आली की रुपालीने नाव म्हणायचं. म्हणजे एक तरी शब्द दुसऱ्याच्या तोंडून.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आम्ही किती गोंगाटात राहतो ते कळलं. आमची चाळ होती तेव्हा आवाज माणसांचा असायचा. आता टॉवरमध्ये आवाज यंत्रांचा. करी रोडला एक बिल्डिंग उभी राहिली की शेजारी दुसरीचा खड्डा तयारच. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कपाट उघडून गोधड्यांमध्ये तोंड घालून गायलो. छान लागला होता आवाज. "चंद्राला जागा द्या" म्हटलं आणि बाहेर लिफ्ट बोलली, कृपया दरवाजा बंद करें. कोणीतरी दारात चप्पल अडकवून गप्पा मारत उभं होतं. लिफ्ट बिचारी तेच तेच म्हणत राहिली. टेक वाया.

दुसरा टेक हिने घालवला. मी दुसऱ्या ओळीवर होतो, तर स्वयंपाकघरातून "हं हं हंऽऽ" ऐकू आलं. भाकऱ्या थापता थापता माझंच गाणं गुणगुणत होती आणि तेही चुकीचं. मी "सांगू काय" खाली आणतो, तर ही वर नेते. मी म्हटलं, "अगं, रेकॉर्डिंग चाललंय."

"मी खय काय म्हटलंय? मी आपली भाकरी थापतंय."

"गुणगुणत होतीस. आणि चाल चुकवत होतीस."

"माका काय कळता त्यातला," म्हणाली आणि तवा आपटला. तोही आवाज आला रेकॉर्डिंगमध्ये.

स्वभावाने बाई सोन्यासारखी आहे, पण गाण्यातलं हिला खरंच काही कळत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज अब्रू गेली. सकाळचा टेक तपासून पुसणार होतो, तर बोट चुकलं आणि तो सरळ घरच्या ग्रुपवर गेला. काय नव्हतं त्यात. मधोमध कुकरची शिट्टी, मागे हिची गुणगुण, दुसऱ्या ओळीला हिचं ते वर चढणं, आणि भाकरीची थपथप तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी लगेच लिहिलं, हे ऐकू नये, चुकून आलं आहे, खरं गाणं नंतर येईल. फोन करून नूपुरलाही सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, मी ऐकलं पण. राहू दे ना."

सून गुणी आहे, सासऱ्याचं मन मोडत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

फणसवाडीला जाऊन नात बघून आलो. कपाळ आमचं आहे. नाक कोणाचं ते अजून ठरायचंय, दोन्ही बाजू हक्क सांगताहेत. माझं बोट धरलं तिने आणि सोडेना. मी तासभर तसाच बसलो, पायाला मुंग्या आल्या, पण उठलो नाही.

विहीणबाई, कालिंदीताई, यांनी बारशाचा कार्यक्रम सांगितला. त्यांच्या वाडीतल्या बायकांचं मंडळ आहे, ते पाळणे म्हणतं. छापील कागद आहेत, पेटी आहे, सगळ्यांच्या साड्याही ठरल्या आहेत. मी माझ्या पाळण्याचं काढलं. कालिंदीताई फार सौम्य बोलतात, त्यांचा नकारसुद्धा चहाबरोबर येतो. म्हणाल्या, "अहो, लावू या की तुमचाही. आधी तुमचा लावू, मग मंडळ सुरू करेल. फक्त एक विचारू का? पाळण्यात 'पुढे सरका' बरं दिसेल का?"

मी म्हटलं, "ताई, ढग आहेत, ते काय रागावणार आहेत?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ असू द्या, आमच्या खोलीत आवाज घुमतो. घरी येताना मी सारखा स्वच्छ, स्वच्छ असं मनाशी म्हणत होतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आजचा दिवस मोठा. अंघोळ करताना एकदम सुचलं. दुसरी ओळ "त्याला सांगू काय?" हा प्रश्न आहे. प्रश्न विचारताना माणसाचा आवाज वर जातो. मग चाल खाली का? वर न्यायला हवी. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि कौसल्याला म्हणून दाखवली.

"कशी वाटते?"

"बरी आसा," ती म्हणाली. तोंडावर पदर धरून खोकली. हवा बदलली आहे, काढा करून घे म्हटलं.

आणि इतकंच नाही. ठेकाही नवा सुचला. दोन लहान, एक मोठा, जसं कोणी मऊ हाताने थोपटतंय. हा कुठून आला माझं मलाच कळेना. प्रतिभा म्हणतात ती अशीच येते बहुतेक, दार न वाजवता.

बुधवार, २६ नोव्हेंबर

घरात शांतता पाहिजे तर बायको बाहेर पाहिजे, हे उघड आहे. पण तोंडावर कसं म्हणणार? मी म्हटलं, "कौसल्या, किती दिवसांत चांगले बांगडे खाल्ले नाहीत. वरळी कोळीवाड्यात ताजे मिळतात. तू निवडतेस तसे मला येत नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं, माइककडे बघितलं, पिशवी उचलली. "सावकाश येतंय," म्हणाली. "होऊ देत तुमचा."

मग मी मनासारखं रेकॉर्डिंग केलं. समोरच्या बांधकामाची जेवणाची सुट्टी, लिफ्ट गप, कुकर गार. एका टेकमध्ये गाणं झालं. एक खरखर नाही. नवी दुसरी ओळ, नवा ठेका मांडीवर हळूच धरलेला, नावाची जागा मोकळी. लगेच ग्रुपवर टाकलं. "संगीत व गायन: गणपत मेस्त्री" असंही लिहिलं.

पुन्हा ऐकलं तर जरा कोरडं वाटलं. मीठ राहिलेल्या डाळीसारखं. माइकचा दोष असावा. बांगडे मात्र फर्स्ट क्लास होते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ग्रुपवर अंगठे आले. मयूरचा अंगठा, रुपालीचा अंगठा, जावयाचा अंगठा. माणसाने गाणं पाठवावं आणि अंगठे मोजावेत. कालिंदीताईंनी लिहिलं, "स्वच्छ आहे." बस. स्वच्छ तर भांडीपण असतात.

दुपारी नूपुरचा फोन. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "बाबा, रागावणार नाही ना? तुमचं नवीन गाणं लावलं की ही रडते. ते आधीचं, शिट्टीवालं, ते लावलं की दोन मिनिटांत झोपते. आईपण म्हणाली तेच लाव."

मी नुसताच हं म्हटलं. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, लपवत नाही. इतकी मेहनत केली ती रडायला आणि चूक झाली ती झोपायला. संध्याकाळी जेवलोही कमी. कौसल्या म्हणाली, "काय झाला?" मी सांगितलं. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाली, "लहान पोर ता. तेका काय आवडात, कोण सांगतला?"

जेवण झाल्यावर मात्र डोक्यात प्रकाश पडला. बाळाला कुकरची शिट्टी आवडते. गरोदरपणात नूपुर आमच्याकडेच होती, स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत. पोटात असताना पोरीने रोज शिट्ट्या ऐकल्या असणार. शास्त्र आहे हे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळपासून शिट्ट्या रेकॉर्ड केल्या. कौसल्या म्हणाली, "अवो, भात झालो, डाळ झाली, आता कुकरात काय घालू?" मी म्हटलं, नुसतं पाणी घाल. तिने कपाळाला हात लावला, पण पाणी घातलं. एक लांब शिट्टी छान मिळाली, ती मयूरकडून स्वच्छ गाण्यात योग्य जागी बसवून घेतली. तो हेडफोन काढून म्हणाला, "बाबा, खरंच हे हवंय का? मला वाटतं ती शिट्टी नाहीये."

"मग काय आहे?"

त्याने आईकडे बघितलं. ती डोळे वटारून त्याच्याकडे बघत होती. "काही नाही," म्हणाला. "शिट्टीच असेल."

नवीन फाइल नूपुरला पाठवली. उत्तर आलं, "हिने शिट्टीला दचकून दूध बाहेर काढलं. सॉरी बाबा."

शिट्टी काढून टाकली. परवा कोरडंच गाणं लागेल. लागू दे. निदान नाव तरी रुपाली म्हणेल.

रविवार, ३० नोव्हेंबर

आजच लिहितो, उद्यावर टाकवत नाही.

कालिंदीताईंच्या घरी पाऊल ठेवायला जागा नव्हती. पाळणा मधोमध, झेंडूच्या माळा लावलेला. पाळण्याची दोरी कौसल्याच्या हातात दिली होती, आजीचा मान म्हणून. मंडळाच्या बायका हिरव्या साड्यांत एका रांगेत बसलेल्या, छापील कागद मांडीवर. बाळाला पाळण्यात घातलं, रुपाली वाकली आणि तिने कानात नाव सांगितलं. सांगून सरळ होते न होते तोच सगळ्या बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपके घातले, रीतच आहे ती. मी तेवढ्यात स्पीकर चालू केला. चूक माझीच. इतकी वर्षं घंटी मारली, पण माणसं नीट चढायच्या आत कधी मारली नव्हती, ती आज मारली.

गाणं सुरू झालं. खोलीत घुमायला लागलं. नावाची जागा आली आणि रुपाली पाठ चोळत, हसत, कोणाच्या तरी अंगावर पडलेली. जागा रिकामी गेली. स्पीकरमधून नुसतं "निजते आमची, तिला निजू द्या" आलं. कोण निजते, पत्ता नाही. आणि बाळाने भोकाड पसरलं. मंडळाची एक बाई कागद सरळ करायला लागली. मला वाटलं जमीन दुभंगावी, पण फणसवाडीतल्या त्या जुन्या इमारतीत असं काही वाटूनही घ्यायची भीती. मी स्पीकर बंद केला.

तेवढ्यात पाळण्याच्या दोरीपाशी आवाज लागला.

"नीज गं बाय माझे, नीज गं बाय..."

कौसल्या गात होती. दोरी एका हातात, दुसऱ्या हाताने पाळण्याच्या लाकडावर थोपटत, दोन लहान, एक मोठा. मान खाली, बाळाकडे. "दारी आला वारा, त्याला सांगू काय" म्हणताना तिचा आवाज सहज वर गेला आणि तिथे क्षणभर थांबला, जसा आमच्या स्वयंपाकघरात थांबायचा. माझ्या अंगावर काटा आला. ही ओळ मला अंघोळ करताना सुचली नव्हती. तो ठेकाही मला सुचला नव्हता. मी आठवडाभर भाकरीचा आवाज खाऱ्या दाण्यांसारखा येता जाता खाल्ला होता आणि प्रतिभा म्हणून डायरीत लिहिला होता.

"पुढे सरका ढगांनो" आलं तशी खोली हसली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा हिरव्या साड्यांनी आवाज मिसळला. कालिंदीताई सगळ्यांत मोठ्याने सरका म्हणत होत्या. आणि मग नावाची जागा.

"वैदेही निजते आमची, तिला निजू द्या."

असं मला माझ्या नातीचं नाव कळलं, बायकोच्या तोंडून, माझ्या गाण्यात. तीनच अक्षरं होती, नेमकी बसली. डोळ्यांत पाणी आलं, पुसलंही नाही. पोर झोपली. खोलीत कुकर नव्हता.

मंगळवार, २ डिसेंबर

काल दिवसभर फोनमधले पुसलेले टेक परत काढून ऐकत बसलो. महिनाभर राहतात ते, मयूरने दाखवलं. सगळ्यांत ही आहे. मी "अगं, रेकॉर्डिंग चाललंय" म्हणून ओरडतो त्याच्या आधीचं सगळं गाणं चांगलं आहे.

कौसल्याला म्हटलं, "दुसरी ओळ तुझी. ठेका तुझा. मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इतके खूश झालात टॉवेल गुंडाळून," ती म्हणाली, "काय सांगतलंय तेव्हा?"

"इतकं गातेस, कधी बोलली नाहीस."

"तुमी कधी थांबलात?" हसत म्हणाली, पण म्हणाली.

मी म्हटलं, आता नीट रेकॉर्ड करू, तू गायचंस, मी बटण दाबतो, अजिबात आवाज करणार नाही. माइक तिच्यासमोर ठेवला. ती माइककडे बघत बसली, मग माझ्याकडे. "तुमी समोर बसलात की माका हसू येता. बटण लावून ठेवा आणि वरळीक जावा. बांगडे घेवन येवा."

गेलो. मुकाट्याने पिशवी घेऊन गेलो. कोळीवाड्याच्या गल्लीत एका मावशीने विचारलं, कसले बांगडे बघताय, ताजे आहेत, आणि मला कळलं की मी टोपलीसमोर उभा राहून दुसरी ओळ म्हणत होतो, वर नेऊन.

घरी आलो तेव्हा तिचं चाललंच होतं. मला काय माहीत. दार उघडलं आणि म्हटलं, "कौसल्या, बांगडे झकास मिळाले गो."

आतून आवाज आला, "झाला. वाया गेला."

बसून ऐकलं. पूर्ण गाणं आहे, थोपटण्यासकट, नावासकट. शेवटच्या "निजू द्या"वर कडीचा आवाज, पिशवीची सळसळ आणि मी. ती म्हणाली पुन्हा करू. मी नाही म्हटलं. तसंच पाठवलं, "संगीत व गायन: कौसल्या मेस्त्री. शब्द: गणपत. बांगडे: गणपत."

जेवायला बसलो तेव्हा नूपुरचा फोन आला. वैदेही झोपली आहे, म्हणून कुजबुजत बोलत होती. मागे कालिंदीताई काहीतरी आवरत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. आणि भांडी लावता लावता त्या स्वतःशीच ढगांना पुढे सरका म्हणत होत्या.

मी फोन तसाच कानाला धरून बसलो. कौसल्या म्हणाली, "काय झाला? जेवा ना."

मी बोटाने खूण केली, थांब, गप.